जतन न केलेले बदल

इशारा पहिल्यांदा आला तेव्हा सन्मती मगदूमनं फोटो पुसले.

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी चौकट उघडली होती: ‘मेमरी कमी पडत आहे. काही कामे बंद करा.’ सन्मतीनं गोव्याच्या सहलीचे, मावसबहिणीच्या लग्नाचे आणि शेजाऱ्यांच्या मांजरीचे फोटो निवडले आणि उडवले. चौकट हलली नाही. मग त्यानं जुने सिनेमे उडवले. तरी ती तिथंच. शेवटी वैतागून त्यानं ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवलं आणि चौकट निमूट गेली. उपाय सापडला असं त्याला वाटलं. पुढचे कित्येक आठवडे चौकट येत राहिली आणि तो ‘नंतर’ म्हणत राहिला.

त्याची चूक घरोघरी होते तशीच होती. संगणकात दोन तऱ्हेची जागा असते. सांगलीच्या माणसाला ती हळदीच्या भाषेत चटकन कळावी. जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षं पडून राहते. सौदा मात्र बाजाराच्या कट्ट्यावर होतो. त्या दिवशी जी पोती फोडायची, ज्यांचे ढीग मांडायचे, तेवढ्यांनाच कट्ट्यावर जागा लागते. सन्मतीचे फोटो पेवात होते आणि भरला होता कट्टा. पेव उपसून कट्ट्यावर जागा होत नाही. शिवाय कट्ट्यावरचा माल दिवस संपताना उचलून आत नेला नाही, तर तो तुमचा राहीलच याची हमी नसते.

मगदूमांच्या घरातल्या कट्ट्यावर दोन मोठे ढीग होते. एक सन्मतीच्या कामाचा. अजून न बांधलेल्या इमारतींमधून गिऱ्हाइकाला फिरवून आणणारी चलचित्रं तो बिल्डरांसाठी बनवायचा. दुसरा ढीग त्याच्या वडिलांच्या शब्दांचा.

भूपाल मगदूम, म्हणजे अप्पा, उमेदीत मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारत. त्यांचा आवाज आवाराच्या फाटकाबाहेर ऐकू जायचा. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात गेला आणि भाषाही गेली. बोलणं गेलं, लिहिणं गेलं, मान हलवण्याचाही भरवसा राहिला नाही; होय म्हणायचं असताना मान नाही म्हणून हलायची. समजायचं सगळं. उरला एकच शब्द, पुकाऱ्यातला: सव्वा. भूक लागली की सव्वा, टीव्हीचा आवाज वाढला की सव्वा, नातीचा फोन आला की डोळ्यांत पाणी आणि सव्वा.

“आपला सगळा संसार सव्वावर आला,” असं सन्मतीची आई, त्रिशलाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि स्वतःच हसायची.

मिरजेच्या वाचोपचारतज्ज्ञ निलोफर मुजावर यांनी ‘वाणीसेतू’ बसवला तो यासाठी. अप्पांच्या गळ्याला एक मऊ पट्टा, समोर एक लहानसा कॅमेरा आणि सगळं गणित घरच्या संगणकात. कल्पना सोपी होती. तोंडातून एकच शब्द येत असला तरी सांगायचं वेगळं असेल तसा गळ्याच्या स्नायूंचा ताण वेगळा असतो, सुराची चढण वेगळी असते, नजर वेगळीकडे असते. माणसाच्या कानाला हे फरक सापडत नाहीत, यंत्राला सापडतात. मात्र एका माणसाचे फरक दुसऱ्याला लागू पडत नाहीत. म्हणून यंत्राला प्रत्येक घरात मुळापासून शिकावं लागतं. पट्ट्यानं एक अंदाज करायचा, अप्पांच्या चेहऱ्यावरून तो बरोबर की चूक हे बघायचं, आणि पुढचा अंदाज सुधारायचा. बाजारातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये अप्पांच्या पुकाऱ्यांचं जुनं चित्रीकरण होतं. त्यावरून यंत्राला अप्पांचाच आवाज दिला.

सुरुवातीला त्याला पाच अर्थ येत होते: चहा, पाणी, पंखा, दुखतंय, नको. शिवाय ते प्रत्येक वाक्याआधी आपली खात्री सांगायचं. “बहुधा चहा हवा आहे.” “कदाचित दुखतंय.”

“हे काय रे, ज्योतिष्यासारखं बहुधा बहुधा?” आई म्हणाली. “नवरा बोलतोय का पंचांग वाचतोय? ते तेवढं काढ बघू.”

सन्मतीनं सेटिंगमध्ये जाऊन ‘बहुधा’ बंद केलं. त्यानंतर अप्पा ठामपणे बोलू लागले.

आणि बोलतच गेले. दिवाळीपर्यंत यंत्र पाचावरून कुठल्या कुठे पोचलं. एका दुपारी आईनं आमटी वाढली आणि पट्ट्यातून, फाटकाबाहेर जाणाऱ्या त्या जुन्या आवाजात, वाक्य आलं: “मीठ विसरलीस, त्रिशला.” आईनं पदर तोंडाला लावला. मग आमटी चाखून म्हणाली, “विसरले खरी. इतके दिवस गप्प होता तेच बरं होतं.”

हे शिकलेलं सगळं यंत्र चालू असताना कट्ट्यावरच राहत असे. ते पेवात उतरवायला यंत्राला आधी त्याची एक प्रत मांडावी लागे आणि प्रतीला मोकळी जागा लागे. जागा नसेल तर काम पुढे ढकललं जाई. आजाऱ्याच्या वाणीची नोंद घराबाहेरच्या कुठल्याही संगणकावर ठेवायला कायद्यानं बंदी होती, त्यामुळं दुसरीकडे प्रत असण्याचा प्रश्न नव्हता. पिवळी चौकट सन्मतीला जे सांगत होती ते एवढंच, की अप्पांचे शब्द अजून आत नेलेले नाहीत.

त्या दिवशी पुण्याच्या बिल्डरला चित्र दुपारी हवं होतं. काम जवळजवळ झालं होतं. संगणक रखडत होता. अप्पा जेवून झोपले होते.

“मगदूम, लोक येऊन बसलेत माझे,” फोनवर बिल्डरचा माणूस म्हणाला. “तुमचं ते दार अजून उघडतंय नुसतं.”

“दहा मिनिटं द्या.”

“मघाशी पण दहाच होती.”

या वेळी चौकट लाल होती आणि तिच्यात ‘नंतर’ नव्हतं. कट्ट्यावर कोण किती जागा अडवून बसलंय त्याची नावं तिनं दाखवली. सगळ्यात वर वाणीसेतू. त्याच्यासमोर एक बटण: बंद करा. सन्मतीनं ते दाबलं. खाली ओळ आली: ‘जतन न केलेले बदल नष्ट होतील. पुढे जायचे?’

त्यानं ती वाचली नाही असं म्हणता येणार नाही. अशा ओळी तो रोज वाचायचा आणि रोज पुढे जायचा. अप्पा झोपलेत, उठायच्या आत परत चालू करू, एवढा विचार त्यानं केला. आणि ‘होय’ दाबलं.

चित्रातलं दार उघडलं, पुण्याचे लोक न बांधलेल्या दिवाणखान्यात हिंडून आले. सन्मतीनं वाणीसेतू पुन्हा सुरू केला. हिरवा दिवा लागला, नेहमीसारखा. अप्पा उठले.

“सव्वा,” अप्पा म्हणाले.

“चहा हवा आहे,” पट्टा म्हणाला.

चहाचीच वेळ होती. सन्मतीला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा फोन आला. अप्पा हसून सव्वा म्हणाले आणि पट्टा म्हणाला, “पंखा लावा.” आई म्हणाली, “थंडीत पंखा कसला?” आणि अप्पांच्या अंगावर शाल घातली. अप्पांनी ती डाव्या हातानं ओढून काढली. “दुखतंय,” पट्टा म्हणाला.

सन्मती आत गेला आणि वाणीसेतूच्या जतन केलेल्या स्थितीची तारीख बघितली. त्यानं पुण्याचं काम घेतलं त्याच्या आदल्या आठवड्याची होती. म्हणजे यंत्राला पाचच अर्थ येत होते त्या दिवसांतली. अप्पा काहीही म्हणाले तरी यंत्र त्या पाचांतला सगळ्यात जवळचा निवडणार, आणि ‘बहुधा’ न लावता सांगणार, त्यांच्याच आवाजात.

त्याला निलोफर मॅडमना फोन करायचा होता. फोन हातात घेतला आणि ठेवला. काय सांगायचं? इशारा किती दिवस येत होता, हे त्या पहिल्यांदा विचारतील. मग त्यानं मनाशी एक तोडगा काढला. यंत्र शिकतंच ना? परत शिकेल. कुणाला सांगायची गरज नाही. तोवर आपण जरा लक्ष ठेवू.

तो लक्ष ठेवू लागला. आमटीत मीठ आहे का ते आधीच चाखून बघायचा. अप्पांची नजर कुठं जाते त्यावरून खिडकी उघडायचा, चष्मा द्यायचा. आई कौतुकानं म्हणायची, “बापाची सेवा शिकलास हो.” हे ऐकताना तो दुसरीकडे बघायचा. अप्पांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस आक्रसत चालला. कधीकधी ते पट्ट्याचं बोलणं ऐकून डोळे मिटून घेत. आठवड्याभरात त्यांनी सव्वा म्हणणंही कमी केलं; आणि बोलणं कमी झाल्यावर यंत्राला शिकायला काही उरलं नाही.

त्यात महावीरचा फोन आला.

महावीर म्हणजे समडोळीच्या धनपालकाकांचा मुलगा. काका अप्पांचे धाकटे भाऊ. दोघांनी कितीतरी वर्षं एका कट्ट्यावर सौदे केले. एका हंगामात धनपालकाकांनी नव्या हळदीच्या ढिगात तळाला जुनी हळद घातली, आणि अप्पांनी पुकारा मधेच थांबवून, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर, ढिगात हात घालून ती वर काढली. त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. क्षमावाणीच्या दिवशी जैन मंदिरात सगळं गाव एकमेकांपुढं हात जोडून क्षमा मागतं. हे दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या देवळांत जायचे.

आईनं फोन स्पीकरवर टाकला होता.

“काकू, बाबांनी अन्न सोडलंय,” महावीर म्हणाला. “आता फार दिवस नाहीत. अप्पांना आणा म्हणून मागं लागलेत. म्हणतात, क्षमावाणी चुकली ती चुकली, आता मीच क्षमा मागतो, दादाला तेवढं आणा.”

आई अप्पांच्या खुर्चीपाशी खाली बसली. “अहो, ऐकलं नव्हं? धनपालभाऊजी बोलवतायत. जायचं का?”

अप्पांचा सगळा चेहरा पुढं आला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. “सव्वा,” ते म्हणाले. “सव्वा! सव्वा!”

“नको,” पट्टा म्हणाला. “नको. नको.”

आईनं अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मान हलवली, आणि मानेला काय म्हणायचं होतं ते मानेलाच ठाऊक.

सन्मती दारात उभा होता. असं का झालं हे त्या घरात फक्त त्याला कळलं. असा जोरकस, ताणलेला आवाज त्या पाचांमध्ये ‘नको’च्याच सर्वांत जवळ जाणार होता. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. ‘आई, थांब, ते यंत्र चुकतंय,’ एवढंच बोलायचं होतं. त्यापुढचा प्रश्न असणार होता, कधीपासून?

“आई,” तो म्हणाला, “उद्या परत विचारून बघू.”

“काय विचारायचं रे? तीनदा म्हणाले की.” आईचा आवाज फोनसाठी हळू झाला. “महावीर, त्यांचं मन होईना बाबा. मी बघते समजावून.”

दुसऱ्या दिवशी सन्मतीनं विचारलं. अप्पा त्याच्याकडे बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या बिल्डरनं दुरुस्त्या पाठवल्या. चौथ्या दिवशी महावीरचा दुसरा फोन आला. तो बोलण्याआधीच आई भिंतीला टेकली.

समडोळीला आई आणि सन्मती गेले. “जिवंतपणी नको म्हणाले, आता कशाला न्यायचं त्यांना?” आई म्हणाली आणि अप्पांपाशी शेजारच्या बाईंना बसवलं. गाडी निघताना आतून रडवेलं सव्वा, सव्वा ऐकू येत होतं. त्यामागोमाग, तितक्याच मोठ्यानं, “पाणी हवं. पाणी हवं.” शेजारच्या बाईंनी पाणी नेलेलं खिडकीतून दिसलं.

तिथून परतल्यावर आई अप्पांशी कामापुरतं बोलू लागली. ताट ठेवायची, औषध द्यायची. आमटीवरून कधी थट्टा झाली नाही. एकदा भाजी निवडता निवडता ती सन्मतीला म्हणाली, “एवढी वर्षं काढली या माणसाबरोबर. रागीट आहेत हे ठाऊक होतं. पण मरत्या भावाला नको म्हणतील असं कधी वाटलं नव्हतं बघ.”

ती हे अप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. अप्पांनी ऐकलं. सन्मतीनं मेथीची एक काडी घेऊन तिची पानं खुडली, मग दुसरी घेतली.

निलोफर मुजावर ठरल्या तपासणीला आल्या तेव्हा ऊन ओसरीत आलं होतं. त्यांनी पट्टा जोडला, पडदा बघितला आणि भुवया उंचावल्या.

“सन्मतीदादा, हे मागं कसं गेलं? दिवाळीला तर छान बोलत होते.”

“थोडं बिघडलंय,” सन्मती म्हणाला.

“थोडं?” त्यांनी पडदा खाली सरकवला. “बरं. शिकलेलं गेलंय, पण कच्चे आवाज आहेत. हे दर वेळी थेट आतच ठेवले जातात. एक एक लावते. त्या वेळी यंत्र जे बोललं ते बरोबर की चूक, एवढं घरच्यांनी सांगायचं. काकू, बसा इथं. पण एक लक्षात ठेवा हं, खोटं सांगाल तर ते खोटंच शिकेल. एकदा या सुराला हा अर्थ म्हणून पक्कं झालं, की मग आयुष्यभर त्या सुराला तेच बोलणार.”

“आम्ही कशाला खोटं सांगू, बाई?” आई म्हणाली.

पहिला आवाज: सव्वा. चहा हवा आहे. “बरोबर,” आई म्हणाली. दुसरा: पंखा लावा. “चूक. थंडीतला आहे हा.” असे बरेच झाले. अप्पा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. मग निलोफर मॅडमनी पुढचा लावला आणि खोलीत तो तीनदा घुमला: सव्वा. सव्वा! सव्वा!

नको. नको. नको.

“बरोबर,” आई चटकन म्हणाली. “हे बरोबर आहे. घाला ते.”

निलोफर मॅडमचं बोट कळीकडे गेलं.

सन्मतीच्या मनात हिशेब लख्ख उभा राहिला. ती कळ दाबली गेली की प्रश्न मिटला. कधीच कुणाला काही कळणार नाही. आणि यापुढं अप्पांना जेव्हा जेव्हा जीव तोडून कुठं जायचं असेल, काही हवं असेल, तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज सगळ्या घरासमोर नको म्हणेल.

“चूक,” तो म्हणाला.

“काय?” आई.

“चूक आहे ते. त्यांना जायचं होतं.”

“तुला काय ठाऊक?”

“त्याच्या आठवडाभर आधी मी ते यंत्र बंद केलं होतं, आई. माझ्या कामासाठी. सगळं जाईल, चालेल का, असं त्यानं विचारलं होतं, मी होय म्हणालो. त्यानंतर त्याला पाच शब्द येत होते. त्यात ‘जायचंय’ नव्हतंच.” तो थांबला नाही. “तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं. मी दारातच होतो.”

आई सन्मतीकडे बघत होती. मग तिनं नजर काढून घेतली, जसं परक्या माणसावरून काढतात. ती उठली, अप्पांच्या खुर्चीपाशी गेली आणि गुडघे दुखत असताना जमिनीवर बसली.

“काढा ओ हा आवाज त्याचा,” ती निलोफर मॅडमना म्हणाली. त्यांनी पट्ट्याचं बोलणं बंद केलं, ऐकणं चालू ठेवलं.

“अहो,” आई म्हणाली, “जायचं होतं तुम्हाला? भाऊजींकडं?”

“सव्वा,” अप्पा म्हणाले. या वेळी हळू.

निलोफर मॅडमनी पडद्यावर दोन रेषा एकीखाली एक ठेवल्या, त्या दिवशीची आणि आत्ताची. उंची वेगळी होती. वळणं तीच होती, एकूण एक.

“हाच आहे,” त्या म्हणाल्या. “दादा, या सुराला काय लिहू?”

“मी लिहितो.” सन्मतीनं ‘जायचंय’ टंकलं. यंत्रानं थोडा वेळ घेतला. मग त्यानं विचारलं, जतन करायचं? सन्मतीनं आधी आपलं काम बंद केलं, न बांधलेली अख्खी इमारत, आणि मगच होय म्हटलं.

आईनं अप्पांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. “मी काय काय बोलले तुम्हाला,” ती म्हणत होती. “महिनाभर. ऐकून घेतलंत सगळं.” अप्पांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचा तो एकच हात होता, तरी त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

सन्मती पुढं झाला. “अप्पा, मला...”

“गाडी काढ,” आई त्याच्याकडे न बघता म्हणाली.

“आत्ता?”

“समडोळीला जायचंय त्यांना. तिथं जाऊबाई आहे, महावीर आहे. भावानं नको म्हटलं हे धनपालभाऊजी मनात घेऊन गेले. आता निदान त्या घराला तरी खरं कळू दे. आणि बोलायचं तू. माझ्याकडं बघायचं नाही.”

निलोफर मॅडमनी पट्टा सोडून डबीत ठेवला. शिकलेलं पक्कं व्हायला त्याला घरीच राहायला हवं होतं. दोघांनी धरून अप्पांना पुढच्या सीटवर बसवलं. आई मागं बसली.

गाव सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची काढणी चालली होती. काय बोलायचं ते सन्मती मनात जुळवत होता. महावीर काय म्हणेल ते त्याला सुचत नव्हतं. समडोळीच्या काकू काय म्हणतील त्याचा विचारच तो करत नव्हता. ओल्या हळदीचा वास गाडीत आला तेव्हा अप्पांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“सव्वा,” ते म्हणाले.

ते शिवी देत होते, का हळू चालव म्हणत होते, का बाहेरच्या पिकाबद्दल काही सांगत होते? सन्मतीनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“मला नाही कळलं, अप्पा,” तो म्हणाला. “परत म्हणा.”

अप्पांनी परत म्हटलं.